‘विदाउट प्रेज्युडिस’ : एका इंग्रजी विधिवाक्प्रयोगाचे मराठी लेखनातील उपयोजन

१. प्रास्ताविक

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या नागर पट्ट्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाचा औपचारिक इंग्रजीशी संबंध कोठे येतो, असे विचारले तर शाळा किंवा नोकरी असे उत्तर सामान्यतः मिळते. परंतु ज्या इंग्रजीवर या कुटुंबाची सर्वांत मोठी मिळकत अवलंबून असते ती इंग्रजी घराच्या कागदपत्रांत असते. सदनिकेचा करारनामा, पुनर्विकासाच्या बोलणीतील विकासकाचे पत्र, त्याला गृहनिर्माण संस्थेने दिलेले उत्तर, धोकादायक इमारतीची नोटीस, भूसंपादनाच्या मोबदल्याची पावती अशा कागदांतून काही ठरावीक इंग्रजी वाक्प्रयोग पुन्हा पुन्हा भेटतात. ते मराठी पत्रातही देवनागरीत जसेच्या तसे लिहिले जातात, किंवा त्यांचा शब्दशः अनुवाद करून वापरले जातात. ‘विदाउट प्रेज्युडिस’ हा त्यांपैकी सर्वाधिक प्रतिष्ठित आणि सर्वांत कमी समजलेला वाक्प्रयोग होय.

संस्थेचे सचिव तो पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत घालतात. वकिलाच्या नोटिशीत तो असतो, म्हणून आपल्या पत्रातही असावा, अशी त्यामागची धारणा असते. वाणिज्य शाखेच्या वर्गात पत्रलेखन शिकविताना या वाक्प्रयोगाचा अर्थ विचारला, तर ‘पूर्वग्रह न ठेवता’ हे उत्तर हमखास येते. उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याने शब्दकोश पाहिलेला असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याची चूक शब्द न पाहण्याची नाही. वाक्प्रयोगाला शब्द समजण्याची आहे.

या वाक्प्रयोगाचे अर्थ कोणते, मराठीत त्याला कोणते पर्याय आहेत आणि ते वाक्यात बसविताना कोणती व्याकरणिक अडचण उद्भवते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. लेखाचा हेतू कायदेशीर सल्ला देण्याचा नसून भाषिक आहे. मात्र या प्रकरणात भाषेची चूक आणि हक्काची हानी यांमधील अंतर फार थोडे आहे, हे विवेचनाच्या ओघात स्पष्ट होईल. उदाहरणादाखल दिलेली मराठी वाक्ये विवेचनासाठी रचलेली आहेत.

२. एका शब्दाचे दोन प्रवाह

‘प्रेज्युडिस’ हा शब्द लॅटिनमधून आला. ‘प्रे’ म्हणजे आधी आणि ‘ज्युडिकियम’ म्हणजे निर्णय. रोमन विधिव्यवहारात मूळ वादाच्या आधी होणारा, पुढील वादावर परिणाम करणारा निर्णय या अर्थाने तो योजला जाई. आधी झालेल्या निर्णयामुळे नंतर एखाद्याचे नुकसान होऊ शकते. त्यावरून ‘हक्काची हानी’ हा अर्थ रूढ झाला. दुसरीकडे, पुरावा पाहण्याआधीच बनविलेले मत या अर्थाने तोच शब्द मनाच्या कलाला लावला गेला. सर्वसाधारण इंग्रजीत हा दुसरा अर्थ प्रबळ ठरला. कायद्याच्या इंग्रजीने पहिला जपून ठेवला.

मराठीतील ‘पूर्वग्रह’ हा शब्द दुसऱ्या प्रवाहाचा प्रतिनिधी आहे आणि त्या जागी तो उत्तम आहे. परंतु ‘हे पत्र पूर्वग्रहविरहित आहे’ असे संस्थेने विकासकाला कळविले, तर संस्थेचे मन निर्मळ आहे एवढेच सिद्ध होते. तिचे हक्क सुरक्षित आहेत असा अर्थ त्यातून निघत नाही. निःपक्षपाती असण्याचे बंधन न्यायाधीशावर असते, पक्षकारावर नसते. आपल्या बाजूने ठामपणे लिहिणाऱ्या पक्षकाराने स्वतःला पूर्वग्रहमुक्त म्हणवून घेण्याचे प्रयोजनच काय? एवढा साधा प्रश्न मनात आला, तरी हा अनुवाद गळून पडावा.

कायद्याच्या इंग्रजीतही या वाक्प्रयोगाची किमान तीन कार्ये आहेत. पहिले, अधिनियमाच्या कलमांत एका तरतुदीने दुसरीचा संकोच होऊ नये म्हणून तो येतो. दुसरे, एखादी कृती करताना आपले इतर हक्क सोडलेले नाहीत हे सांगण्यासाठी तो येतो. तिसरे, तडजोडीच्या बोलणीत केलेले विधान पुढे आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाऊ नये यासाठी तो पत्राच्या माथ्यावर येतो. पहिल्या दोन ठिकाणी त्याच्या पुढे ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय आणि कशाला हानी होऊ नये ते सांगणारे पद आवश्यक असते. तिसऱ्या ठिकाणी तो एकटा उभा राहतो. व्याकरणातील हा लहानसा फरक अर्थाचा मोठा फरक दाखवितो, आणि मराठीत तो पुसला जातो.

३. ‘बाध’ : मराठीच्या हाती असलेली संज्ञा

अधिनियमांच्या मराठी अनुवादांत ‘बाध न येता’, ‘बाध न आणता’, ‘बाध न येऊ देता’ ही रूपे रूढ आहेत. ही रूपे बोजड आहेत, संस्कृतप्रचुर आहेत, अशी टीका केली जाते. ती सरसकट मान्य करता येत नाही. ‘बाध’ या शब्दाची निवड किती नेमकी आहे, हे संस्कृत व्याकरणशास्त्राच्या परंपरेकडे पाहिले असता कळते.

पाणिनीय परंपरेत सामान्य नियमाला ‘उत्सर्ग’ आणि विशेष नियमाला ‘अपवाद’ म्हणतात. अपवाद हा उत्सर्गाचा बाध करतो. हा विचार स्पष्ट करण्यासाठी वैयाकरणांनी तक्रकौंडिन्य न्याय सांगितला. ब्राह्मणांना दही द्यावे आणि कौंडिन्याला ताक द्यावे, अशी आज्ञा झाली. कौंडिन्यही ब्राह्मणच, मग त्याला दही आणि ताक दोन्ही मिळणार काय? परंपरेचे उत्तर असे की, विशेष आज्ञेने त्याच्यापुरता सामान्य आज्ञेचा बाध झाला. त्याला केवळ ताक मिळेल.

अधिनियम रचणाऱ्यासमोर हीच अडचण असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम २७ मध्ये शासनाला नियम करण्याचा सर्वसाधारण अधिकार दिला आहे. त्याच कलमाच्या पोटकलम (२) मध्ये नियमांत कोणत्या बाबी असू शकतील याची यादी आहे. यादी दिली की तक्रकौंडिन्य न्यायाने कोणी म्हणेल, यादीबाहेरच्या बाबींवर नियम करता येणार नाहीत. हा निष्कर्ष रोखण्यासाठी यादीच्या आधी ‘पूर्वगामी अधिकाराच्या व्यापकतेस बाध न येता’ या आशयाचा वाक्प्रयोग घातला आहे. म्हणजेच कौंडिन्याला ताक द्या, पण त्याचे दही काढून घेऊ नका. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२ च्या खंड (३) मध्येही तो याच कार्यासाठी आला आहे. सर्वोच्च न्यायालयाला दिलेले अधिकार संसद कायद्याने अन्य न्यायालयांनाही देऊ शकते. परंतु त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे अधिकार उणे होत नाहीत.

सारांश, अधिनियमाच्या भाषेत ‘बाध’ हा केवळ पर्यायी शब्द नाही. दोन विधानांमधील ज्या संबंधाविषयी इंग्रजी वाक्प्रयोग बोलतो, त्या संबंधाची तयार संज्ञा म्हणून तो आपल्या परंपरेत आधीपासून होता. अनुवादकांनी तो उचलला हे त्यांच्या जाणतेपणाचे द्योतक मानावे लागेल. ‘बाधा’ हे स्त्रीलिंगी रूप मात्र येथे टाळलेले बरे. मराठी कानाला ते विषबाधा, भूतबाधा यांच्या शेजारचे वाटते; कलमाला झालेली बाधा वैद्याकडे किंवा मांत्रिकाकडे न्यावी लागेल असा भास होतो.

४. वाक्यातील कर्त्याचा प्रश्न

अधिनियमात यशस्वी ठरलेली हीच रचना पत्रव्यवहारात जेव्हा येते, तेव्हा खरी अडचण सुरू होते. पुढील वाक्य पाहावे.

(१) संस्थेच्या हक्कांना बाध न आणता विकासकाने थकीत भाडे पंधरा दिवसांत द्यावे.

लिहिणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ असा : भाड्याची ही मागणी केली म्हणून संस्थेने करार रद्द करण्याचा किंवा नुकसानभरपाई मागण्याचा आपला हक्क सोडलेला नाही. इंग्रजीत ‘विदाउट प्रेज्युडिस टू द राइट्स ऑफ द सोसायटी’ एवढे शब्द वाक्याच्या आरंभी ठेवले की हा अर्थ पोहोचतो. कारण इंग्रजीत हा पदसमूह नामावर उभा आहे. हानी कोणी करायची नाही, याविषयी तो मौन पाळतो आणि संपूर्ण विधानाला लागू होतो.

मराठीत तसे होत नाही. ‘आणता’ हे धातुसाधित आहे आणि धातू म्हटला की कर्ता आला. ‘-ता’ आणि ‘-ऊन’ प्रत्ययांच्या धातुसाधितांचा कर्ता सामान्यतः मुख्य क्रियापदाचाच कर्ता असतो. ‘काही न बोलता तो निघून गेला’ या वाक्यात न बोलणारा आणि निघून जाणारा एकच आहे. या नियमाने वाक्य (१) मध्ये बाध न आणणारा आणि भाडे देणारा एकच ठरतो, तो म्हणजे विकासक. वाक्याचा अर्थ असा होतो की, विकासकाने भाडे द्यावे आणि देताना संस्थेच्या हक्कांना धक्का लावू नये. संस्थेने स्वतःचे हक्क राखून ठेवल्याचे विधान या वाक्यात कोठेच उरत नाही. विकासकाला दिलेली एक सौम्य सूचना तेवढी शिल्लक राहते.

‘आणता’च्या जागी ‘येता’ घातले तर काय होते?

(२) संस्थेच्या हक्कांना बाध न येता विकासकाने थकीत भाडे पंधरा दिवसांत द्यावे.

‘कोणालाही त्रास न होता काम पार पडले’ यातील ‘होता’प्रमाणे ‘येता’चा कर्ता स्वतंत्र आहे, तो ‘बाध’ हाच आहे. त्यामुळे विकासकाच्या गळ्यात पडलेली क्रिया सुटते. तरीही अडचण पूर्णपणे मिटत नाही. ‘बाध न येता’ हे भाडे देण्याच्या रीतीचे विशेषण म्हणूनच वाचले जाते. मागणी करण्याच्या कृतीशी ते जोडले जात नाही. अधिनियमातील कलमात ‘तरतूद करता येईल’ अशी अकर्तृक रचना असल्यामुळे हा दोष जाणवत नाही. पत्रात मात्र दोन नामधारी पक्ष एकमेकांसमोर उभे असतात, आणि कोणाचा हक्क कोणी राखला, हे वाक्याने सांगावेच लागते.

यावर मराठीत दोन उपाय उपलब्ध आहेत. पहिला, मागणी करणाऱ्याला वाक्याचा कर्ता करावे :

(३) करारनाम्यान्वये असलेले आपले इतर सर्व हक्क राखून संस्था अशी मागणी करते की, विकासकाने थकीत भाडे पंधरा दिवसांत द्यावे.

दुसरा, वाक्य तोडावे :

(४) विकासकाने थकीत भाडे पंधरा दिवसांत द्यावे. ही मागणी केल्यामुळे किंवा भाडे स्वीकारल्यामुळे संस्थेच्या इतर हक्कांना बाध येणार नाही.

वाक्य (३) मधील ‘राखून’ या शब्दाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. मान राखून बोलणे, अंतर राखून वागणे, हातचे राखून देणे, सर्व हक्क राखून ठेवणे या प्रयोगांतून मराठी माणसाला तो लहानपणापासून ठाऊक आहे. ‘हातचे राखून’ या वाक्प्रचारात तर प्रस्तुत इंग्रजी वाक्प्रयोगाचे दुसरे कार्य जवळजवळ संपूर्णपणे सामावलेले आहे : जे दिले ते दिले, पण सर्व दिलेले नाही. शिवाय ‘राखून’चा कर्ता मुख्य वाक्याचाच कर्ता होत असल्याने जो हक्क राखतो तोच मागणी करतो, हे व्याकरणच सिद्ध करते. वाक्य (१) ला जो नियम मारक ठरला, तोच येथे साहाय्यक ठरतो. सोपा शब्द आणि अचूक शब्द एकच असण्याचा असा योग विधिभाषेत क्वचितच येतो. तो वाया घालविण्याचे कारण नाही.

५. पत्राच्या माथ्यावरील मुद्रा

तिसरे कार्य सर्वाधिक गैरवापराचे आहे. तडजोडीची बोलणी निर्भयपणे व्हावीत, बोलणी फिसकटली तर त्यात दाखविलेली तयारी कबुली ठरू नये, हे यामागील तत्त्व आहे. १८८९ च्या ‘वॉकर विरुद्ध विल्शर’ या इंग्रजी निवाड्यात त्याचे स्पष्टीकरण आढळते : पत्रातील प्रस्ताव स्वीकारला गेला नाही, तर त्या पत्रामुळे लिहिणाऱ्याच्या स्थितीला हानी पोहोचू नये. भारतात हे तत्त्व भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ याच्या कलम २३ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये ते कलम २१ मध्ये आले आहे. दिवाणी प्रकरणात एखादी कबुली तिचा पुरावा दिला जाऊ नये अशा स्पष्ट अटीवर दिलेली असेल, किंवा तसे उभयपक्षी ठरले होते असा निष्कर्ष परिस्थितीवरून काढता येत असेल, तर ती संबद्ध ठरत नाही, असा त्याचा आशय आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, संरक्षण कबुलीला आहे. सर्व प्रकारच्या मजकुराला नाही. दोन, शब्दांपेक्षा परिस्थिती महत्त्वाची आहे. ब्रिटनमधील हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘रश अँड टॉम्पकिन्स’ प्रकरणात हे तत्त्व त्या विशिष्ट शब्दांच्या वापरावर अवलंबून नाही, असे स्पष्ट केले. बोलणी खरोखर तडजोडीची असतील तर मुद्रा नसली तरी संरक्षण मिळू शकते. तशी नसतील तर मुद्रा असूनही मिळत नाही.

आता नेहमीचा प्रसंग घेऊ. संस्थेचा सचिव थकबाकीदार सभासदाला मासिक देखभाल खर्चाच्या मागणीचे पत्र पाठवितो आणि माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहितो. या पत्रात तडजोड नाही, कबुली नाही. आहे ती शुद्ध मागणी. उद्या वसुलीची कार्यवाही सुरू झाली की मागणी केल्याचा पुरावा म्हणून संस्थेला हेच पत्र दाखल करावे लागेल. ज्या कागदाचा पुरावा पुढे लागणार आहे, त्याच्याच माथ्यावर पुराव्यात येऊ नये असे सुचविणारे शब्द लिहून ठेवायचे, असा हा प्रकार आहे. न्यायनिर्णय करणारा त्या शब्दांकडे बहुधा दुर्लक्ष करील, हे खरे. परंतु प्रतिपक्षाला एक हरकत फुकट मिळाली, हेही तितकेच खरे.

उलट, पुनर्विकासाच्या बोलणीत जेव्हा ‘आम्ही अमुक क्षेत्रफळावर समाधान मानण्यास तयार आहोत’ असे संस्था लिहिते, तेव्हा हे संरक्षण अत्यावश्यक असते. नेमके तेथे काही वेळा ते घातले जात नाही. अशा पत्राच्या आरंभी मराठीत सरळ असे लिहिता येईल : ‘हे पत्र केवळ तडजोडीच्या बोलणीपुरते आहे. बोलणी निष्फळ ठरल्यास यातील कोणतेही विधान कोणत्याही पक्षाविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नये, या अटीवर ते लिहिले आहे.’ ही दोन वाक्ये इंग्रजी मुद्रेपेक्षा लांब आहेत. परंतु कलमाला जी ‘स्पष्ट अट’ हवी आहे ती या वाक्यांत खरोखर व्यक्त झाली आहे. मुद्रेत ती केवळ गृहीत आहे. संक्षेपासाठी मूळ मुद्रा ठेवायचीच असेल तर तिच्या खाली ही वाक्ये द्यावीत.

६. पावती आणि ताबा : दोन निकटची उदाहरणे

वाक्प्रयोग योग्य जागी लिहिला किंवा राहून गेला तर काय घडते, याची सर्वांत ठळक साक्ष भूसंपादनाच्या कायद्यात मिळते. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमातील कलम ३१ नुसार मोबदला अपुरा वाटणाऱ्या व्यक्तीला तो ‘अंडर प्रोटेस्ट’ स्वीकारता येत असे. तसा न स्वीकारणाऱ्याला वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली अर्ज करण्याचा हक्क उरत नसे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या अधिनियमातही कलम ७७ मध्ये हीच तरतूद कायम आहे. ठाणे जिल्ह्यात रस्ते, रेल्वे, औद्योगिक क्षेत्रे आणि नवी नगरे यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या जमिनी संपादित होत आल्या आहेत. पावतीवर सही किंवा अंगठा करणाऱ्या शेतकऱ्याला त्या दोन शब्दांचे मोल कोणी समजावून सांगितले होते काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकानेही विचारला पाहिजे.

‘निषेध नोंदवून’ हा त्याचा रूढ अनुवाद समर्पक नाही. निषेध नोंदविण्याला मराठीत मोर्चाचा आणि सभात्यागाचा वास आहे. त्यातून रोष कळतो, हक्क कळत नाही. ‘मोबदला अपुरा असल्याची हरकत राखून रक्कम स्वीकारली’ असे लिहिल्यास हरकत कशाबद्दल आहे आणि ती सोडलेली नाही, या दोन्ही गोष्टी पावतीवर येतात. ‘ना हरकत’ हा शब्द ज्या समाजाच्या रोजच्या व्यवहारात आहे, त्याला ‘हरकत राखून’ समजण्यास कोश लागणार नाही.

दुसरे उदाहरण धोकादायक इमारतींचे. जुलै-ऑगस्ट २०१५ मध्ये ठाकुर्ली आणि नौपाडा येथे जुन्या इमारती कोसळून जीवितहानी झाली. अशा घटनांनंतर दरवेळी विचारले जाते की, इमारत धोकादायक असताना रहिवासी बाहेर का पडत नाहीत? याची आर्थिक कारणे अनेक आहेत. परंतु एक कारण भीतीचे आहे. घर रिकामे केले की भाडेहक्क संपला, असे जुन्या भाडेकरूला वाटते. ‘शहा रतनसी खिमजी’ या महाराष्ट्रातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला की, इमारत पाडली गेल्याने भाडेदारी आपोआप संपुष्टात येत नाही. म्हणजे कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. प्रश्न हा की, त्याच्या दारावर लावलेल्या कागदाची भाषा त्याला ते सांगते काय?

‘भाडेकरूंच्या हक्कांना बाध न येता सदर जागा तात्काळ रिक्त करण्यात यावी’ असे वाक्य कल्पून पाहावे. कलम ४ मध्ये दाखविलेला दोष येथे अधिक गंभीर रूपात प्रकटतो. कोणी कोणाच्या हक्काला बाध आणायचा नाही, आणि तो न आल्याची हमी कोण देतो, यांपैकी काहीही या वाक्यातून घाबरलेल्या माणसाला उमजणार नाही. त्याऐवजी ‘आपण जागा रिकामी केली म्हणून या जागेवरील आपला भाडेहक्क संपणार नाही’ हे स्वतंत्र वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिले, तर कायद्याचा अर्थ तसूभरही बदलत नाही. बदलते ती वाचणाऱ्याची स्थिती. येथे स्पष्ट लेखनाचा प्रश्न शैलीचा राहत नाही.

७. परिभाषेच्या धोरणाविषयी

महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याने मराठीला राज्यव्यवहारात अधिकृत स्थान दिले. पदनाम कोशाची आचार्य अत्रे यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून केलेली संभावना प्रसिद्ध आहे. मात्र त्या वेळी ज्यांची थट्टा झाली, त्यांतील अनेक शब्द पुढे अंगवळणी पडले, हेही नोंदविले पाहिजे. शब्दाची अपरिचितता काळाने नाहीशी होते. म्हणून केवळ अपरिचिततेच्या आधारे परिभाषेवर टीका करणे फारसे फलदायी नाही.

खरी मर्यादा निराळीच आहे. पदनामांसाठी ‘एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द’ हे सूत्र योग्य असते. वाक्प्रयोगांसाठी ते अपुरे पडते. वाक्प्रयोगाला अर्थाबरोबरच वाक्यात एक स्थान असते, आणि हे स्थान प्रत्येक भाषेत वेगळे असते. कोशाने ‘बाध न आणता’ हा पर्याय दिला की लेखक तो इंग्रजी पदसमूहाच्या जागी नेऊन बसवितो. कर्ता बदलला, हे त्याच्या लक्षात येत नाही. त्यामुळे अशा नोंदीला किमान एक संपूर्ण वाक्य जोडलेले असणे आवश्यक आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, कायद्यात एका संज्ञेसाठी सर्वत्र एकच शब्द हवा. पर्याय वाढविले तर संदिग्धता वाढेल. अधिनियमांपुरता हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच तेथे ‘बाध’ ही संज्ञा कायम ठेवावी असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. परंतु पत्र, पावती आणि नोटीस हे अधिनियम नव्हेत. त्यांचा वाचक विधिज्ञ नसतो आणि त्यांचे काम व्याख्या करण्याचे नसून कळविण्याचे असते. इंग्रजीत एकाच मुद्रेखाली झाकलेली तीन कार्ये मराठीत तीन प्रकारे व्यक्त झाली, तर संदिग्धता वाढत नाही. ती कमी होते.

या विचाराला स्थानिक संदर्भही आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठीचा वापर व्हावा यासाठी दीर्घकाळ झटलेले ॲड. शांताराम दातार कल्याणचेच. वाङ्मयीन मराठीची एवढी समृद्ध परंपरा असलेल्या या शहरांत घराच्या कागदाची मराठी मात्र अनुवादाच्या आश्रयाने जगते, ही विसंगती आहे. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ याने महानगरपालिकांच्या कामकाजात मराठीचा वापर बंधनकारक केला. कोणती मराठी, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. तो अधिनियमाने सुटणारा नाही.

८. निष्कर्ष

१) ‘विदाउट प्रेज्युडिस’ या वाक्प्रयोगातील ‘प्रेज्युडिस’ म्हणजे हक्काची हानी होय, ‘पूर्वग्रह’ हा अनुवाद विधिलेखनात अग्राह्य आहे.

२) या वाक्प्रयोगाची तीन कार्ये मराठीत वेगवेगळ्या प्रकारे व्यक्त करावीत. अधिनियमात ‘-स बाध न येता’, हक्कराखणीच्या पत्रात व पावतीत ‘हक्क राखून’ किंवा ‘हरकत राखून’, आणि तडजोडीच्या पत्रात अटीचे स्पष्ट वाक्य.

३) ‘बाध न आणता’ हे रूप पत्रात वापरताना त्याचा कर्ता तपासावा. तो मुख्य क्रियापदाच्या कर्त्याहून वेगळा असेल, तर वाक्य तोडावे.

४) साध्या मागणीपत्राच्या माथ्यावर ही मुद्रा घालू नये, तडजोडीच्या पत्रात ती कारणासह घालावी.

५) महाविद्यालयीन अभ्यासक्रमातील उपयोजित मराठी आणि व्यावसायिक इंग्रजी हे दोन विषय परस्परांकडे पाठ फिरवून शिकविले जातात. अशा वाक्प्रयोगांचा दोन्ही भाषांतील वाक्यांसह तौलनिक अभ्यास त्यांत अंतर्भूत करावा. या परिसरातील विद्यार्थी उद्या संस्थेचा सचिव, महानगरपालिकेचा लिपिक किंवा एखाद्या पावतीवर सही करणारा खातेदार होणार आहे. इंग्रजी शब्दाचे वजन पाहून तो घाबरणार नाही आणि मोहातही पडणार नाही, एवढी सिद्धता त्याला देणे हे भाषाशिक्षणाचे काम आहे.